एकाच डबीची दोन झाकणं

थेंबात एकूण एकेचाळीस पेशी होत्या. सव्वीस होडीच्या आकाराच्या, सात काडीसारख्या, चार गोल, तीन कोपऱ्याला कोपरा चिकटवून साखळी झालेल्या, आणि एक रिकामी. चाळीस जिवंत पेशींच्या पोटात तपकिरी सोनेरी पट्टे होते आणि त्यांतल्या काही, कुठे जायचंय ते आठवत नसल्यासारख्या, थोडं पुढे सरकून पुन्हा मागे येत होत्या. रिकामी पेशी कडेला पडली होती. ती नुकतीच मेली असावी. आतला रंग गेला होता, पण काचेची दोन्ही झाकणं अजून एकमेकांत अडकलेली होती, फक्त जरा सरकलेली, घाईत बंद केलेल्या डबीसारखी. मी तिच्यावर मोठी लेन्स आणली, तेलाचा थेंब सोडला आणि सवयीने वरच्या झाकणावरच्या रेघा मोजल्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात अकरा. मग मायक्रोस्कोपचा बारीक स्क्रू थोडासा फिरवला. वरचं झाकण धूसर झालं, खालचं स्पष्ट झालं. खालच्या झाकणावर तेवढ्याच जागेत सतरा रेघा होत्या आणि मधोमध एक चौकोनी मोकळी जागा. मी स्क्रू वर फिरवला. अकरा. खाली फिरवला. सतरा. वर, खाली, वर, खाली, असं किती वेळ करत होते कोण जाणे. शेवटी डोळ्यात पाणी आलं ते टक लावून बघितल्यामुळे.

एकाच डबीला दोन जातींची झाकणं, असं दिसायला नको होतं. मी ज्या पद्धतीने काम करते तिच्यात असं काही दिसण्याची सोयच नाही. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ठेवलेल्या टेबलाशी बसून मी डायटम मोजते. डायटम म्हणजे एका पेशीचं शेवाळ, पण काचेच्या डबीत राहणारं. डबीला तळ असा नसतो. दोन झाकणंच असतात, एक दुसऱ्यात बसणारं, आणि दोघांना धरून ठेवणारा काचेचा पातळ कमरपट्टा. जात ओळखायची ती झाकणावरच्या रेघांवरून. पण जिवंत पेशीच्या पोटात इतका ऐवज असतो की रेघा दिसत नाहीत, म्हणून आम्ही नमुना अॅसिडात उकळतो. अॅसिड सगळं जाळतं. रंग जातो, तेल जातं, आणि कमरपट्टाही सुटतो. तळाशी उरतात ती सुटी झाकणं, लख्ख धुतलेली. त्यांतली चारशे मोजायची, प्रत्येकाला नाव द्यायचं, आणि कुठली जात किती यावरून पाण्याची तब्येत लिहायची. कुठलं झाकण कुठल्या झाकणाचं जोडीदार होतं हे कोणी विचारत नाही, कारण कोणालाच ते सांगता येत नाही.

त्या सकाळी अॅसिडच्या कपाटाचा पंखा बंद पडला होता. वायरमन स्टुलावर चढला, आत डोकावला आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना सांगावं तसं म्हणाला, "मोटार गेली. आठवडा तरी धरा." धूर बाहेर जाणार नसेल तर अॅसिड उकळायचं नाही असा नियम आहे. हाताला काम नव्हतं म्हणून मी जलाशयाच्या पाण्याचा ताजा थेंब तसाच काचेखाली घेतला. जिवंत डायटम मी कॉलेजनंतर नीट पाहिलेच नव्हते. खाटकाला चरणारी शेळी बघायला फुरसत कुठे असते.

शेजारच्या टेबलावर क्लोरीन बसते. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे; बाकी सगळीकडे ती क्लोरीनच, कारण पाण्यातला क्लोरीन ती तपासते आणि लग्नाकार्याला गेली तरी तिच्या पदराला तोच वास येतो.

"काय गं, भूत बघितलंस का?" ती म्हणाली.

"नाही. रिकामी डबी."

"मग तोंड असं का झालंय?"

"मोजतेय."

"पंखा बंद, काम बंद, आणि ही मोजतेय. अगं, सरकारने सुट्टी दिली तर देवाचं नाव घेऊन घरी जावं."

मी हसले. हसताना माझा हात स्क्रूवरच होता. वरच्या झाकणाची, विरळ रेघांची जात जुनी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी तिला एका तळ्याचं नाव दिलं. दाट रेघांची जात माझ्या वडिलांनी शोधली, आमच्याच जलाशयातून. तिला माझ्या आईचं नाव आहे.

घरी जायला दोन बस आहेत. त्या दिवशी मी पहिली सोडली, मग दुसरीही सोडली आणि चालत निघाले. पुलाच्या कठड्याला शेवाळाचा हिरवा ओघळ होता, त्याच्यावर कोणीतरी बोटाने रेघ ओढली होती. बाबांनी त्या जातीवरचा शोधनिबंध लिहिला तेव्हा मी दोन वर्षांची होते. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पस्तीस वर्षं शिकवलं, पण कपाटात जपून ठेवावं असं त्यांनी एकच काम केलं, आणि ते हे. सहा पानं, दोन आकृत्या. सगळी झाकणं शाईच्या पेनाने काढलेली, एकेक रेघ मोजून. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आईचं नाव दिलं, त्याला लॅटिन शेपूट लावून. आई हे सगळ्यांना सांगायची, दूधवाल्यालासुद्धा. मी अकरा वर्षांची असताना ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. आधी दाढेसाठी, मग कायमची. भांडण झालेलं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कपडे वाळत घालायच्या दोरीवर एकदम खूप जागा झाली. त्यानंतर बाबांनी आईचं नाव घरात उच्चारलं नाही. 'तुझी आई' असं म्हणत, तेही फी भरायच्या वेळी वगैरे. नाव यायचं ते फक्त जातीचं म्हणून, तिरक्या अक्षरांत लिहायचं, पहिलं अक्षर लहान. लॅटिन शेपटामुळे ते उच्चारणं शक्य होत असावं. एखादी तापलेली वस्तू फडक्याने धरावी तसं.

आता त्यांचे डोळे गेलेत. पूर्ण नाहीत, मधोमध. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्यभागी एक धुरकट डाग आहे, त्यामुळे ज्याच्याकडे बघायचं त्याच्या शेजारी बघावं लागतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, यांना माझ्यात रस नाही. दिवसभर ते रेडिओ ऐकतात, भांडी हाताने चाचपून जागच्या जागी लावतात, आणि संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच विचारतात, "आज काय दिसलं?" आमच्या दोघांत बोलायला तेवढंच आहे. मी जाती सांगते, आकडे सांगते, ते जेवता जेवता मान हलवतात, मध्येच म्हणतात, "ही एवढी? पाऊस झाला का वरच्या अंगाला?" आणि बहुतेक बरोबर असतं.

"आज काय दिसलं?"

"नेहमीचंच. पंखा बंद आहे."

"पंख्याचा आणि दिसण्याचा काय संबंध?" ते भिंतीला म्हणाले. मी भाजी गरम करायला गेले.

पंखा दुरुस्त झाला. मी पुन्हा उकळायला लागले, मोजायला लागले, आणि प्रत्येक स्लाइडवर आईची झाकणं येत राहिली. थंडी पडायला लागली की ती वाढतात, हे आम्हाला पूर्वीपासून माहीत होतं. बाबांच्या निबंधात वाक्यच आहे, 'ही जात थंड पाण्यात विपुल'. कितीतरी हिवाळे खात्याच्या अहवालात ते वाक्य जसंच्या तसं उतरत आलंय. आता मी ते वाक्य दोनदा वाचायचे. कारण पाणी थंड झालं की पाहुणी जात येते, असंही म्हणता येतं. आणि पाणी थंड झालं की तीच जुनी पेशी नवं झाकण वेगळ्या नक्षीचं घडवते, असंही. डायटम दुभंगतो तेव्हा प्रत्येक लेकीला आईचं एक जुनं झाकण मिळतं, आणि दुसरं तिला स्वतःला करावं लागतं. ऋतू बदलताना घडलेल्या पेशीला एक झाकण उन्हाळ्याचं आणि एक थंडीचं असणार. असं असेल तर दोन जाती नाहीत, एकच आहे. आणि एकच असेल तर नियम सरळ आहे. जुनं नाव राहतं, नंतरचं जातं. पुस्तकात बारीक अक्षरात एक ओळ येते: अमुक म्हणजेच तमुक. बस.

मी हे कोणाला सांगणार होते? साहेबांना आडून विचारून बघितलं, की समजा दोन जाती एकच निघाल्या तर? ते सही करता करता म्हणाले, "दोन काय नि एक काय, पाणी पिण्यालायक आहे ना?" आहे म्हटलं. "मग झालं तर." एक माणूस होता, ज्याला सांगता आलं असतं. पुलांची गणितं करायचा. वर्षभर आम्ही भेटत होतो. शेवटच्या भेटीत तो म्हणाला होता, तू माणसाकडे बघतेस ना, तेव्हाही रेघा मोजत असतेस. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. घरी आल्यावर वाटलं, नसावं. दुपारच्या सुट्टीत मी जिन्यातल्या खिडकीपाशी डबा उघडून बसायचे आणि रस्त्यावरच्या माणसांकडे बघायचे, आणि खरंच, त्यांचे चेहरे मला लक्षात राहायचे नाहीत. लक्षात राहायचे ते शर्टांवरचे पट्टे. घरात बाबा माझ्या शेजारी बघत बोलायचे, आणि मी त्यांच्यापासून एक रिकामी डबी लपवत होते. इतक्या लहान वस्तूने घरात इतकी जागा अडवावी याचं मला नवल वाटायचं. मिठाच्या खड्यावर असल्या दहा-बारा सहज मावतील.

शेवटी मी आईला फोन केला. ती डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते, नंबर देते, पैसे घेते. माझ्याशी बोलताना तिचं अर्धं लक्ष नेहमी दुसऱ्याच्या जबड्यात असतं.

"आई, तुझ्या नावाची जात आहे ना, बाबांनी दिलेली?"

"अगंबाई, अजून आहे ती?"

"आहे. पण राहीलच असं नाही."

"म्हणजे? मेली?"

"मेली नाही. ती वेगळी नव्हतीच मुळात, असं दिसतंय. दुसऱ्याच एकीचं थंडीतलं रूप."

"थांब हं. चूळ भरा काका. तिकडे, तिकडे थुंका. हां, बोल. दुसरी कोण?"

"तळ्याच्या नावाची एक आहे. जुनी. नियमाप्रमाणे तिचं नाव राहतं."

"आणि माझं?"

"तुझं जातं."

तिच्या मागे कसलंसं यंत्र गुरगुरत होतं. मग ती हसली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, एखाद्या फुलाला द्या नाव. हे नळातलं शेवाळ मेलं. तर म्हणाले, शेवाळ म्हणू नकोस, काच आहे ती. आणि सांगू का तुला? मला दोन्ही चित्रं दाखवायचे. ही बघ, आणि ही बघ. मला कधी फरक दिसला नाही. मी म्हणायचे, हो, किती वेगळी. नवा संसार होता, दुसरं काय म्हणणार?"

"बाबांना सांगू का?"

"हे बघ, नाव देताना त्यांनी मला विचारलं नव्हतं. आता काढताना तुम्ही बापलेक मला कशाला विचारताय?" मग आवाज उतरवून, "जेवतात ना वेळेवर?"

"जेवतात."

"डोळे?"

"तसेच."

"बरं, ठेवते. सुजलेला गाल आलाय."

फोन बंद झाल्यावर मी तो बराच वेळ तसाच हातात धरून होते. तिला वाईट वाटलं की नाही हे मला कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायचं कसं तेही कळलं नाही. माणसाला स्क्रू नसतो.

बाबांनी मात्र ओळखलं. त्यांना दिसत नाही म्हणून त्यांचे कान फार तिखट झालेत. एका संध्याकाळी मी "नेहमीचंच" म्हटल्यावर त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"नेहमीचं म्हणजे काय? नावं सांग."

मी नावं सांगितली. आईच्या नावापाशी आले तेव्हा ते मी पटकन उच्चारलं, रस्त्यातला खड्डा ओलांडावा तसं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं.

"तीन आठवडे तू ते नाव असंच घेतेयस. काय झालंय तिला?"

त्यांनी 'तिला' म्हटलं ते जातीबद्दलच. मी सगळं सांगितलं. पंखा, थेंब, रिकामी डबी, अकरा, सतरा. ते ऐकत होते तसतसा त्यांचा चेहरा मला माहीत नसलेल्या एका माणसाचा होत गेला. मी कॉलेजात त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते, तिथे ते असे दिसत असावेत.

"एकावर एक पडली असतील," ते म्हणाले. "दोन सुटी झाकणं. थेंबात असं होतं."

"पट्टा होता बाबा. दोघांना धरून."

"पट्टा दिसला, की असावा असं वाटलं?"

मी विचार केला. "दिसला. एका बाजूला."

"एका बाजूला." त्यांनी ताट सरकवलं. "एका पेशीवर कोणाला फाशी देत नाहीत. बरं, पुढच्या थेंबात शोधलीस?"

"शोधली. जिवंत पेशीत रेघा दिसत नाहीत, मेलेली लगेच सुटी होते. तशी परत नाही मिळाली."

"नाहीच मिळणार. मग काय करायचं?" ते परीक्षा घेत होते. "अगं, एक पेशी उचल. एकच. तळ्याची. उन्हाळी, दोन्ही झाकणं विरळ असलेली. ती एकटी वाढव. तिची लेकरं झाली की अर्धी थंडीत ठेव, अर्धी उबेत. एकीच्या पोटी दुसरी जन्मली तर दुसरी नाहीच. आणि नाही जन्मली तर तुझी डबी खोटी." ते उठले, बेसिनपर्यंत भिंत धरून गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "मी जिवंत कधी वाढवल्या नाहीत. धुतलेलीच झाकणं बघत बसलो. स्वच्छ दिसायची ना."

एकच पेशी उचलणं हे सांगायला सोपं आहे. काचेची नळी ज्योतीवर धरून ओढायची, इतकी की तिचं तोंड केसाएवढं होतं. ते तोंड थेंबात नेऊन हव्या त्या पेशीजवळ धरायचं, श्वास रोखायचा आणि दुसऱ्या टोकाने किंचित ओढून घ्यायचं. मग स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडायची, परत उचलायची, पुढच्या थेंबात सोडायची, असे पाच थेंब, म्हणजे तिच्या अंगाला चिकटून दुसरं कोणी आलेलं नसेल. पहिल्या दिवशी मी एकोणीस पेशी हरवल्या. बाबा रोज विचारायचे, "उचललीस?" आणि मी नाही म्हटलं की सांगायचे, "तोंड तिरकं तोड नळीचं," किंवा "चहा घेऊन बसू नकोस, हात थरथरतो." त्यांना या कामाची इतकी हौस का यावी? आपलंच घर पाडणाऱ्या गवंड्याला कोणी कुदळ कशी धरायची ते शिकवतं का? जमलं तेव्हा बशीतल्या पाचव्या थेंबात एकच पेशी होती. फिकट सोनेरी, जरा लांबट. पोटातला ऐवज एका बाजूला सरकलेला होता तिथून दोन्ही झाकणांवरच्या रेघा मला मोजता आल्या, वरच्या अकरा, खालच्या अकरा. ती सरकत थेंबाच्या काठापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. एवढ्या पाण्यात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मी तिच्याकडे इतका वेळ बघत बसले की क्लोरीन म्हणाली, "बारसं करतेस काय तिचं?"

तीन आठवड्यांनी बशीचा तळ तपकिरी झाला. मी त्याचे दोन भाग केले. एक बशी खिडकीजवळच्या उबदार फळीवर, दुसरी प्रयोगशाळेच्या थंड कपाटात, जिथे नमुने ठेवतो आणि क्लोरीन आपलं दही ठेवते. कपाटातल्या ट्यूबलाइटचं बटण बाहेर, माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. काचेच्या शेवाळालाही उजेड लागतो. बटण बंद राहिलं तर दोन आठवड्यांत थंडीतली बशी मेली असती आणि मला खरं सांगता आलं असतं की बाबा, थंडीतली जगली नाही. हे मला सुचलं ते सुचल्यासारखं नाही, दिसल्यासारखं. त्यानंतर येता-जाता ते बटण माझ्याकडे बघायचं. एका शुक्रवारी मी त्याच्यावर बोट ठेवलंसुद्धा. थंड प्लास्टिक, मधोमध खोलगट. तेवढ्यात मागून क्लोरीन म्हणाली, "ते बंद करू नकोस गं, अंधारात मला माझं दही सापडत नाही." मी बोट काढून घेतलं. ती आली नसती तर काय झालं असतं याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. मला माहीत नाही.

पुढे चार आठवडे झाल्यावर मी दोन्ही बश्यांतला माल वेगवेगळ्या भांड्यांत उकळला, धुतला, दोन स्लाइड केल्या, आणि न बघता, पाकिटात घालून घरी आणल्या. बाबांचा स्वतःचा मायक्रोस्कोप बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आहे, उशीच्या अभ्र्याने झाकलेला. रविवारची दुपार होती, उजेड चांगला होता. त्यांनी अभ्रा काढला, घडी घातली, आणि खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसले. दोन्ही हातांत अंगठ्याने दाबायचे दोन काउंटर. डाव्यात तळं, उजव्यात ती.

"आधी उबेतली," ते म्हणाले.

मी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, त्यांनी दाबायचं. तळं. टक. तळं. टक. तळं, तळं, तळं. मी ओळीने पुढे सरकत होते आणि डाव्या काउंटरचा आवाज भिंतीवरच्या घड्याळाहून संथ, पण तितकाच एकसारखा येत होता. उबेतल्या बशीची चारशे झाकणं झाली. डावा काउंटर चारशे, उजवा शून्य. मी आकडा वाचला तेव्हा बाबांच्या गालावर काहीतरी हललं.

"बघ," ते म्हणाले.

"थंडीतली राहिलीय बाबा."

"माहितीय मला. लाव."

मी स्लाइड बदलली. तेल सोडलं. बाबांनी डावा काउंटर पुसून, चाचपून शून्यावर आणला. पहिलं झाकण तळ्याचं होतं. दुसरंही. पाचवं, आठवं. मग एक आडवं पडलेलं, मग एक तुटकं, ते धरायचं नाही. त्याच्या पलीकडे एक अखंड झाकण होतं. मी रेघा मोजल्या. परत मोजल्या. मधोमध चौकोनी मोकळी जागा होती आणि तिच्यातून खिडकीचा उजेड सरळ वर येत होता. मला फक्त 'तळं' म्हणायचं होतं. बाबांना दिसलं नसतं. कोणालाच कधी दिसलं नसतं.

मी आईचं नाव घेतलं.

टक झालं नाही. मी लेन्सवरून डोळा काढला नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मी लहान असताना या खुर्चीत बाबा असायचे आणि स्टुलावर काउंटर घेऊन मी. ते नावं घ्यायचे, मी दाबायचे. आईचं नाव आलं की आतून, भांड्यांच्या आवाजातून, ती "ओ!" म्हणायची. बाबा म्हणायचे, "तुला नाही गं, हिला." मग पुन्हा नाव, पुन्हा "ओ", पुन्हा "तुला नाही." एका स्लाइडवर ती पन्नास-साठ वेळा यायची. नंतर नंतर ती ओ देईनाशी झाली. मोजणी भरभर व्हायला लागली, आणि आम्हा दोघांनाही ते सोयीचं वाटलं.

"म्हणालीस का काही?" बाबांनी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं.

मी पुन्हा तिचं नाव घेतलं. लॅटिन शेपूट न लावता, माणसाचं घेतात तसं. माझ्या ध्यानात ते नंतर आलं.

टक.

"पुढे," ते म्हणाले. "थांबू नकोस. ओळ चुकेल."

मी पुढे गेले. तळं. तळं. आई. तळं. आई, आई. मी नाव घेत होते आणि दर वेळी त्यांच्या उजव्या हातातून टक येत होतं, आधी उशिरा, मग लवकर, मग माझ्या शब्दाला लागून. मधे एकदा ते स्वतःशीच ते नाव म्हणाले, फार हळू, मी म्हटल्यानंतर, माझ्या मागोमाग. मी एका झाकणावर थोडी जास्त रेंगाळले, म्हणजे त्यांना म्हणता यावं. उजेड सरकला तसा मी मायक्रोस्कोपखालचा आरसा वळवला. शेवटची ओळ संपली तेव्हा चारशे भरले होते.

"वाच," ते म्हणाले, आणि दोन्ही हात माझ्यापुढे उघडून धरले.

डाव्या हातातल्या काउंटरवर दोनशे एकाहत्तर. उजव्या हातातल्या काउंटरवर एकशे एकोणतीस.